पत्ता, पगार आणि परवाना

जपानमध्ये इंग्रजी शिकवायला नव्याने आलेल्या माणसाला नोकरी आणि घर या दोन गोष्टी सुट्या सुट्या शोधता येत नाहीत. घर भाड्याने घ्यायचे तर अर्जात नोकरी, पगार आणि जपानमधला फोन नंबर लिहावा लागतो. फोन घ्यायचा तर बहुतेक ठिकाणी बँकेचे खाते किंवा कार्ड मागतात. बँक राहता पत्ता विचारते आणि पत्त्यासाठी पुन्हा घर लागते. या सगळ्याच्या बुडाशी असतो राहण्याचा परवाना, आणि तो नोकरीच्या आधारावर मिळतो. या चक्रात कुठून तरी शिरावे लागतेच. ज्याचा हात धरून माणूस शिरतो, त्याच्या हातात पुढचे निदान एक वर्ष त्याचा पगार आणि छप्पर या दोन्हींच्या नाड्या राहतात. तो हात कोणाचा आहे, हे तपासण्याइतके महत्त्वाचे काम नव्या शिक्षकापुढे दुसरे नसते.

ही गाठ आजची नाही. लेखक लॅफकॅडियो हर्न 1890 च्या एप्रिलमध्ये योकोहामाला उतरला, तेव्हा तो एका अमेरिकन मासिकासाठी लिहायला आला होता. थोड्याच दिवसांत मासिकाशी बिनसले आणि चाळिशीला टेकलेला हा माणूस परक्या बंदरात बेकार झाला. टोकियोच्या विद्यापीठातले प्राध्यापक बॅसिल हॉल चेंबरलेन यांनी शब्द टाकला आणि जपानी समुद्राच्या बाजूच्या मात्सुए गावात माध्यमिक शाळा व अध्यापन शाळेत इंग्रजी शिकवण्याची जागा मिळाली. पगार महिना 100 येन. त्या काळी परदेशी माणसाला तहाने ठरलेल्या बंदरांबाहेर राहण्याची मुभा नव्हती, ती 1899 मध्ये मिळाली. जपानी नोकरीत असलेल्यांना मात्र आतल्या गावांत राहता येई. म्हणजे हर्नला मात्सुएत राहता आले ते शिक्षकाच्या नोकरीमुळेच. तिथे तो आधी एका खानावळवजा सरायीत उतरला, मग नदीकाठच्या छोट्या घरात राहिला आणि 1891 च्या उन्हाळ्यात किल्ल्याच्या खंदकाशेजारच्या एका सामुराई कुटुंबाच्या घरात गेला. तीन बाजूंनी बाग दिसणारे ते घर आजही जपून ठेवलेले आहे. त्या बागेवर त्याने जीव ओतून लिहिले, पण तिथे त्याचे राहणे काही महिन्यांचेच झाले. नोव्हेंबरात दुप्पट पगारावर कुमामोतोची नोकरी आली आणि घर सुटले.

पुढे हर्न टोकियोच्या विद्यापीठात शिकवू लागला, आणि तिथली त्याची जागा 1903 मध्ये जपानी लेखक नात्सुमे सोसेकीला मिळाली. सोसेकी स्वतः इंग्रजीचा शिक्षक. जपानच्या शिक्षण खात्याने त्याला 1900 मध्ये लंडनला पाठवले होते. वर्षाला 1,800 येनची शिष्यवृत्ती होती, पण लंडनच्या मानाने ती तुटपुंजी. दोन वर्षांत त्याने पाच ठिकाणी खोल्या बदलल्या आणि शेवटची खोली क्लॅपम भागात घेतली. त्या काळात त्याचे मन फार खचले होते. परक्या देशातल्या राहत्या जागेचा माणसाच्या मनावर किती ताण पडतो, हे या दोघांच्या चरित्रांतून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेतून दिसत नाही.

आज जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याच्या कामाकडे जाणाऱ्या मुख्य वाटा तीन आहेत. पहिली सरकारी. जेट या नावाने ओळखला जाणारा कार्यक्रम 1987 मध्ये अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतल्या 848 तरुणांना घेऊन सुरू झाला. निवड मायदेशातल्या जपानी वकिलातीमार्फत होते. करार एक वर्षाचा असतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढतो. 2012 पासून पहिल्या वर्षाचा पगार वार्षिक 33 लाख 60 हजार येन होता, 2025 मध्ये तो वाढवण्यात आला. यातला शिक्षक शाळेतल्या जपानी शिक्षकाचा सहायक असतो. कोणत्या गावी जायचे हे त्याच्या हाती नसते. पसंती विचारतात, पण नेमणूक कुठल्याशा बेटावरही होऊ शकते. मात्र गाव कळते तेव्हा त्याबरोबर बहुधा घरही कळते. स्थानिक शिक्षण मंडळ शिक्षकांच्या वसाहतीतली खोली देते किंवा ओळखीच्या मालकाशी बोलून ठेवते. आधीचा शिक्षक आपली भांडी, पंखा, सायकल मागे ठेवून जातो. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात आलेल्या नवख्याला स्टेशनवर घ्यायला मंडळाचा माणूस येतो, पालिकेत पत्ता नोंदवायला आणि बँकेत खाते उघडायलाही सोबत करतो. ते चक्र कोणी तरी बाहेरून उघडून देते. एवढी काळजी दुसऱ्या कोणत्याही वाटेवर घेतली जात नाही.

दुसरी वाट खासगी पुरवठादार कंपन्यांची. 2011 पासून पाचवी-सहावीत परभाषेचा परिचय सक्तीचा झाला. 2020 पासून तो परिचय तिसरी-चौथीत आला आणि पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय झाला. शाळांना सहायक शिक्षक जास्त लागू लागले आणि अनेक पालिकांनी ते काम कंपन्यांना कंत्राटाने दिले. कंत्राट बहुधा सर्वांत कमी बोलीला जाते आणि ती कपात शेवटी शिक्षकाच्या पगारात उतरते. काही करारांत ऑगस्टच्या सुट्टीचा पगार कापला जातो. आठवड्याचे काम कागदोपत्री साडेएकोणतीस तासांचे दाखवण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालली, कारण तीस तासांच्या आसपास पोचले की आरोग्य विमा आणि पेन्शनचा अर्धा वाटा कंपनीला उचलावा लागे. 2016 पासून टप्प्याटप्प्याने हा नियम बदलला. मोठ्या कंपन्यांत, आणि 2024 पासून 51 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांतही, आठवड्याला 20 तास काम करणाऱ्याला इतर अटी पूर्ण होत असतील तर विमा मिळतो. करारावर सही करण्यापूर्वी तासांचा हा आकडा वाचलाच पाहिजे. वर्गातही या कंत्राटाचे पडसाद उमटतात. काम ठेक्याने दिलेले असेल तर शाळेतल्या जपानी शिक्षकाने परदेशी सहायकाला थेट सूचना द्यायच्या नसतात, नाही तर तो ठेका कायद्याने बनावट ठरतो. मग एकाच फळ्यापुढे, तीस-पस्तीस मुलांसमोर उभ्या असलेल्या दोन शिक्षकांनी पाठाबद्दल आपसांत ठरवायचे नाही, असा प्रकार होतो. शिकवणे हे दोघांनी मिळून करायचे काम आहे हे ज्याला कळते, त्याला या रचनेतला अन्याय वेगळा सांगावा लागत नाही.

तिसरी वाट संभाषणाच्या खासगी वर्गांची. जपानीत त्यांना एइकाइवा म्हणतात. स्टेशनसमोरच्या इमारतीत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर लहान लहान खोल्या, स्वागताला काउंटर, आणि ऑफिस सुटल्यावर येणारे विद्यार्थी. शिक्षकाचा दिवस दुपारी सुरू होऊन रात्री नऊच्या सुमारास संपतो, आणि शनिवार हा सर्वांत गर्दीचा वार. पूर्णवेळ कामाला महिना अडीच लाख येन हा आकडा या धंद्यात अनेक वर्षे जवळपास गोठलेला होता. या वर्गांची भरती वर्षभर चालते, शाळांची मात्र एप्रिलपासून सुरू होणाऱ्या शैक्षणिक वर्षाच्या बेताने. त्यामुळे शाळेत काम हवे असेल तर जानेवारी ते मार्च हा काळ हाताशी धरावा लागतो. एके काळी ‘द जपान टाइम्स’चा सोमवारचा अंक नोकरीच्या जाहिरातींसाठी शिक्षक उघडून बसत. आता तेच काम संकेतस्थळांवर होते. मुलाखतीच्या रीती मात्र बदललेल्या नाहीत: ठरावीक नमुन्यातला, फोटो चिकटवलेला परिचय-अर्ज, गडद रंगाचा सूट, दहा मिनिटे आधी पोचणे, आणि नमुन्याचा पाठ. त्या पाठात व्याकरणापेक्षा शिक्षक स्वतः किती थोडे बोलतो आणि समोरच्याला किती बोलते करतो, हे चांगली संस्था पाहते.

परवान्याचे नियम मराठी वाचकाने जरा नीट पाहावेत असे आहेत. शाळेत शिकवण्यासाठी जो ‘शिक्षक’ दर्जा लागतो, त्यात परभाषा शिकवणाऱ्याने त्या भाषेतून किमान 12 वर्षे शिक्षण घेतलेले असावे अशी अट आहे. पुण्या-नाशिकच्या इंग्रजी शाळेत पहिलीपासून शिकलेला पदवीधर ती अट सहज पुरी करतो. पण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून, पुढे इंग्रजी घेऊन एम. ए., बी. एड. झालेला आणि गावच्या हायस्कुलात जीव तोडून इंग्रजी शिकवणारा शिक्षक वर्षे मोजायला बसला तर नऊच भरतात. भाषा कमावून शिकलेल्या, म्हणूनच ती शिकवण्याची कळ जास्त ठाऊक असलेल्या माणसाला हा नियम बाहेर ठेवतो. संभाषणवर्गांच्या परवान्याला पदवी पुरते, पण तिथे जाहिरातच बहुधा ठरावीक देशांच्या नागरिकांकडे पाहून लिहिलेली असते. भारतीय शिक्षकाने हे आधीच धरून चालावे आणि आपल्या शिक्षणाचे माध्यम सिद्ध करणारी पत्रे शाळा-कॉलेजांकडून निघण्यापूर्वी घेऊन ठेवावीत. परदेशात बसून ती मिळवणे फार जड जाते.

काम ठरले की नियोक्ता जपानमधल्या इमिग्रेशन कार्यालयात पात्रतेच्या दाखल्यासाठी अर्ज करतो. त्याला एक ते तीन महिने लागतात, आणि तो दाखला दाखवून वकिलातीतून व्हिसा मिळतो. 2012 च्या जुलैपासून नारिता, हानेदा, कानसाई अशा मोठ्या विमानतळांवर उतरल्या उतरल्या रेसिडेन्स कार्ड हातात पडते. त्याच्या मागच्या बाजूला पत्त्याची जागा कोरी असते. राहायची जागा ठरल्यापासून 14 दिवसांत पालिकेत जाऊन ती भरून घ्यावी लागते. पालिकेतला कारकून कार्डावर पत्ता उमटवून देतो, त्या क्षणापासून बँक, फोन, विमा ही दारे उघडू लागतात.

हा पत्ता पुष्कळदा नियोक्त्याचाच असतो. संभाषणवर्गांच्या मोठ्या साखळ्या आणि काही पुरवठादार कंपन्या नव्या शिक्षकाला फ्लॅट देतात, भाडे पगारातून कापतात, आणि विमानतळावरून थेट तिथे नेऊन सोडतात. नवख्याला यात मोठी सोय वाटते आणि ती सोय खरीही आहे. पण या व्यवस्थेत भाडेकरार कंपनीच्या नावावर असतो आणि शिक्षक कंपनीच्या मर्जीने राहतो. नोकरी सुटली की पगार, परवान्याचा आधार आणि डोक्यावरचे छप्पर एकाच दिवशी डगमगते.

नोवा या कंपनीच्या दिवाळखोरीत हे साऱ्या देशाने पाहिले. 1981 मध्ये ओसाकात सुरू झालेली नोवा ही जपानमधली संभाषणवर्गांची सर्वांत मोठी साखळी होती. तिच्या गुलाबी सशाच्या जाहिराती लहान मुलांनाही पाठ होत्या. विद्यार्थ्यांकडून शेकडो पाठांचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि मध्येच सोडणाऱ्याला परतावा कमी पडेल अशा हिशेबाने द्यायचा, ही तिची पद्धत 2007 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. जूनमध्ये अर्थ, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने तिच्यावर नवे दीर्घ करार करायला सहा महिने बंदी घातली. पैसे आत येणे थांबले, पगार लांबले आणि 26 ऑक्टोबरला कंपनीने ओसाकाच्या न्यायालयात संरक्षणासाठी अर्ज केला. सुमारे 4 हजार परदेशी शिक्षक एका रात्रीत कामावाचून राहिले. त्याहून वाईट गोष्ट घरांची होती. शिक्षकांच्या पगारातून कापलेले भाडे बऱ्याच घरमालकांपर्यंत पोचलेच नव्हते, आणि ज्यांनी आपले भाडे दर महिन्याला भरले असे समजून दिवस काढले होते त्यांच्या दारावर घर खाली करण्याच्या नोटिसा लागल्या. शिक्षकांच्या संघटनांनी जेवणाच्या बदल्यात शिकवणी अशी मोहीम काढली आणि काही विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांना खरोखरच जेवू घातले. दिवाळखोर कंपनीच्या कामगाराचा थकलेला पगार ठरावीक मर्यादेपर्यंत 80 टक्के सरकारने भरून देण्याची कायदेशीर सोय जपानमध्ये 1976 पासून आहे. तिचा आधार पगाराला मिळतो. घराला असा कायदा नाही.

म्हणून कंपनीचे घर घ्यायला हरकत नाही, पण ते पहिल्या काही महिन्यांपुरते. त्या काळात थोडी शिल्लक टाकावी, गाव पायाखाली घालावे आणि स्वतःच्या नावाने भाडेकरार करण्याची तयारी करावी. वर्षभराने नोकरी बदलण्याचा विचार मनात आला, तर तो करण्याचे धैर्य या करारातून येते.

स्वतः घर शोधणे हे मात्र सोपे काम नाही. स्टेशनजवळच्या दलालाच्या दुकानाची काच खोल्यांच्या नकाशांनी भरलेली असते. खोलीचे माप ताटामीच्या चटयांत दिलेले असते. सहा चटयांची खोली म्हणजे ढोबळ मानाने शंभर-एकशेपाच चौरस फूट. स्टेशनपासून किती मिनिटे चालावे लागते, हेही छापलेले असते आणि तो अंदाज नसतो: मिनिटाला 80 मीटर हा हिशेब नियमाने ठरलेला आहे. आत गेल्यावर दलाल आदराने बसवतो, चहा देतो, पाच-सहा कागद निवडून पुढे ठेवतो आणि एकेका खोलीच्या व्यवस्थापकाला फोन लावतो. फोनवर तो आधी ग्राहकाची नोकरी सांगतो, मग पगार, मग जरा आवाज खाली आणून ग्राहक परदेशी असल्याचे सांगतो, आणि लगोलग त्याला जपानी येते हेही जोडतो. पलीकडचे उत्तर ऐकताना तो फोनवरच मान लववून आभार मानतो, रिसीव्हर ठेवतो आणि तो कागद उलटा करून बाजूला सारतो. समोर बसलेल्या माणसाला भाषा येत नसली तरी कागद उलटा झाल्याचा अर्थ समजतो.

जपानच्या कायदा मंत्रालयाने 2016 च्या अखेरीस परदेशी रहिवाशांची पाहणी केली. आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी 39.3 टक्के लोकांना परदेशी म्हणून नकार मिळाला होता आणि 41.2 टक्के लोकांना जपानी जामीनदार नाही म्हणून. परदेशी भाडेकरू नकोत असे लिहिलेले पाहून 26.8 टक्के लोकांनी नादच सोडला होता. नकार देणारा मालक बहुधा वयस्कर असतो. कचरा वेगळा होईल का, रात्री आवाज होईल का, भाडेकरू न सांगता देश सोडून गेला तर भाडे कोण देईल, अशी त्याची भीती असते. भीती समजून घेता येते. पण त्याच गावातल्या मुलांना शिकवायला बोलावलेल्या माणसाला त्याच गावात खोली नाकारली जावी, हे समजून घेता येत नाही. ज्या पालिका आणि कंपन्या शिक्षक आणतात त्यांनी निदान मालकाशी बोलण्याची जबाबदारी तरी उचलली पाहिजे.

पैशांचा हिशेब आधी करून ठेवावा लागतो. भाडे महिना 60 हजार येन धरले तर शिकिकिन नावाची एका महिन्याची अनामत 60 हजार, रेइकिन म्हणजे मालकाला द्यायची आणि परत न मिळणारी रक्कम आणखी 60 हजार, दलालाची कायद्याने ठरलेली कमाल दलाली करासह 66 हजार, पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे, जामीन कंपनीची अर्ध्या ते एका महिन्याच्या भाड्याइतकी फी, आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचा खर्च. किल्ली हातात पडेपर्यंत तीन ते साडेतीन लाख येन जातात. खोलीत तेव्हा काहीही नसते. छताला दिवा नसतो, गॅसची शेगडी नसते, पडदे नसतात. त्यातच पगाराची रीत अशी की महिन्याचा हिशेब महिनाअखेरीस बंद होतो आणि पैसे पुढच्या महिन्यात जमा होतात. एप्रिलच्या सुरुवातीला रुजू झालेल्या शिक्षकाला पहिला पगार मेच्या उत्तरार्धात मिळू शकतो. तेवढे दिवस स्वतःच्या पैशावर काढावे लागतात, आणि ही रक्कम बरोबर आणली नाही तर उसनवारीशिवाय गत्यंतर राहत नाही.

जामीनदार ही दुसरी मोठी पायरी. पूर्वी जामीन राहायला नातेवाईकच लागे, आणि परदेशी माणूस तो आणणार कुठून? मग शाळेचे मुख्याध्यापक किंवा वर्गाचे मालक सही करत, आणि नोकरी सोडताना त्या सहीचे ओझे शिक्षकाच्या मनावर राही. आता बहुतेक ठिकाणी जामीन कंपनीची अट असते. 2020 च्या एप्रिलपासून लागू झालेल्या सुधारित दिवाणी संहितेने व्यक्तिगत जामीनदाराच्या जबाबदारीची कमाल रक्कम करारात लिहिणे सक्तीचे केले, तेव्हापासून मालकही कंपन्यांकडे जास्त वळले. परदेशी माणसाच्या दृष्टीने हा बदल हिताचा आहे. फी लागते, पण कोणाच्या उपकाराखाली राहावे लागत नाही.

दलालाच्या दारात न जाताही घर मिळू शकते. यूआर ही सरकारी गृहसंस्था देशभर हजाराहून अधिक वसाहती चालवते. तिच्या घरांना रेइकिन नाही, दलाली नाही, जामीनदार नाही आणि दर दोन वर्षांनी भरायचे नूतनीकरण शुल्कही नाही. वैध दीर्घ परवाना असलेल्या परदेशी माणसाला जपानी माणसाच्याच अटींवर घर मिळते. मुख्य अट उत्पन्नाची: स्वस्त घरांसाठी महिन्याचा पगार भाड्याच्या चौपट हवा. अडीच लाख पगाराच्या शिक्षकाला साठ हजारांपर्यंतचे घर त्यात बसते. पगार कमी पडत असेल तर वर्षाचे भाडे एकरकमी भरूनही प्रवेश मिळतो. या वसाहती जुन्या असतात, काही इमारतींना लिफ्ट नसते, पण खोल्या मोठ्या, हवेशीर आणि शेजार स्थिर असतो. टोकियोच्या एदोगावा भागातल्या निशी-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती उभी राहिली, त्यात अशा वसाहतींचा वाटा मोठा आहे. 2000 च्या सुमारास संगणक क्षेत्रातले भारतीय तिथे येऊ लागले, आणि त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच एदोगावाच्या प्रभाग सभेवर निवडून आले, आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे प्राचार्य झाले. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानीचे वर्ग कैक वर्षे चालत आले आहेत. भाषा शिकून गेलेल्या माणसाला दलालाच्या दुकानात स्वतःचे बोलणे स्वतः बोलता येते, आणि उलटे होणारे कागद त्याने कमी होतात.

तेही जमत नसेल तर शेअर हाऊस आहे. सामानासह लहान खोली, सामाईक स्वयंपाकघर, थोडी अनामत, जामीनदाराची गरज नाही, आणि तो पत्ता पालिकेत नोंदवता येतो. दोन-तीन महिने चक्रात शिरण्यापुरते ते उत्तम. तिथे भेटणाऱ्या जुन्या शिक्षकांकडून कोणती कंपनी पगार वेळेवर देते हे जितक्या खात्रीने कळते, तितके दुसरीकडे कळत नाही.

घर मिळाल्यावर पहिल्या दिवशी गॅसवाल्याची वेळ घेऊन ठेवावी लागते. वीज आणि पाणी फोनवर सुरू होते, पण गॅससाठी राहणाऱ्याने हजर असावे लागते. गणवेशातला माणूस ठरल्या मिनिटाला येतो, बूट काढून आत येतो, मीटर उघडतो, गळती तपासतो, गरम पाण्याचा नळ सोडून दाखवतो आणि सही घेऊन जातो. पालिकेकडून कचऱ्याचे वेळापत्रक मिळते. ते भिंतीला लावून पाळले की शेजाऱ्यांचा अर्धा संशय मावळतो. खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरी टॉवेल किंवा बिस्किटांचा छोटा पुडा घेऊन नाव सांगून येण्याची जुनी रीत शहरांत कमी झाली आहे, पण परदेशी माणसाने ती पाळली तर लोक ती लक्षात ठेवतात.

पुढे तीन वेगवेगळ्या मुदती सांभाळायच्या असतात. नोकरीचा करार बहुधा एक वर्षाचा, घराचा दोन वर्षांचा आणि परवाना एक, तीन किंवा पाच वर्षांचा. त्या एकत्र संपत नाहीत. नोकरी बदलली की 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवावे लागते, आणि सबळ कारणाशिवाय तीन महिने परवान्याचे काम न केल्यास परवाना रद्द होऊ शकतो. घराचा करार मध्येच सोडायचा तर बहुधा महिनाभर आधी कळवावे लागते, आणि पहिल्या वर्षात सोडल्यास दंडाचे कलम असू शकते. टोकियोकडे दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचे म्हणून एका महिन्याचे भाडे द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ही पद्धत वैध ठरवली, त्यामुळे त्यावर घासाघीस करण्यापेक्षा ते कलम सहीपूर्वीच पाहिलेले बरे.

घर सोडताना मालकाचा माणूस खोली तपासायला येतो आणि अनामतीतून काय कापायचे ते ठरते. याबाबत सरकारची मार्गदर्शक तत्त्वे 1998 पासून आहेत आणि 2020 च्या संहितेने त्यांतले मूळ सूत्र कायद्यात आणले: राहण्याने जी साधी झीज होते तिचा खर्च मालकाचा. उन्हाने ताटामीचा रंग उडाला, कॅलेंडर लावलेल्या पिनेची भोके पडली, फ्रीजमागची भिंत काळवंडली, तर भाडेकरूने पैसे द्यायचे नसतात. खिळे-स्क्रूंची भोके, निष्काळजीपणाने वाढलेली बुरशी, सिगारेटचा वास यांचे द्यावे लागतात. आत शिरण्याच्या दिवशी रिकाम्या खोलीचे तारखेसह फोटो काढून ठेवलेल्याला हा हिशेब सोपा जातो. देशच सोडायचा असेल तर पालिकेत स्थलांतर नोंदवून निघावे, आणि भरलेल्या पेन्शनपैकी मिळणाऱ्या एकरकमी परताव्यासाठी दोन वर्षांच्या आत मायदेशातून अर्ज करावा. त्यासाठी पेन्शन क्रमांकाचा कागद, बँकेच्या तपशिलासह, बरोबर ठेवावा लागतो.